एक दिवसाची उद्योजक परिषद: हॉल ठरवण्याआधीपासून हिशेब मिटेपर्यंत

पत्रिकेवर वेळ साडेनऊची. पावणेदहाला नोंदणीच्या टेबलापुढे दीडशे माणसांची रांग. सव्वादहाला प्रमुख पाहुणे अजून वाटेत. अकराला दीपप्रज्वलन, मग साडेअकरापर्यंत सत्कार. ज्या वक्त्याला ऐकायला लोक कारखाना सोडून आले, त्याला चाळीस मिनिटांऐवजी पंधरा मिळतात आणि "प्रश्न जेवणाच्या वेळी विचारा" असे सांगून सूत्रसंचालक पुढे सरकतो.

जिल्ह्याच्या गावी होणाऱ्या उद्योजक परिषदांमध्ये हे मी इतक्या वेळा पाहिले आहे, आणि काही वेळा माझ्या हातून घडले आहे, की आता गप्प बसवत नाही. त्या दिवशी दिसणारी गडबड त्या दिवशी सुरू झालेली नसते. दोन-तीन महिने आधी कामांचा क्रम चुकलेला असतो. आधी हॉल, मग मंत्र्यांची तारीख, मग पत्रिका, आणि विषय सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा करायचा, एवढ्यासाठी हा लेख.

खालचे सगळे हिशेब २५० ते ३०० माणसांच्या, एक दिवसाच्या परिषदेचे आहेत. आयोजक म्हणजे एखादी औद्योगिक संघटना किंवा चार-पाच उद्योजकांचा गट, असे धरले आहे.

टप्पा १: आधी माणूस, मग प्रश्न (९० दिवस आधी)

"लघुउद्योगांपुढील संधी आणि आव्हाने" हा विषय नाही. या नावाखाली कोणीही काहीही बोलू शकतो, आणि बोलतोही. विषय म्हणजे समोर बसणाऱ्या माणसाला आज पडलेला प्रश्न. तो शोधण्यासाठी कार्यकारिणीची बैठक पुरत नाही. पंधरा सभासदांना फोन करा आणि एकच विचारा: गेल्या सहा महिन्यांत कोणत्या गोष्टीने झोप उडवली? उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. पंधरांपैकी सात-आठ उत्तरे एकाच दिशेची निघाली, की विषय सापडला.

एकदा आम्हाला तो असाच सापडला होता: अडकलेली येणी. एमएसएमईडी कायदा २००६ (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा) नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. वक्ते जाणकार होते, हॉल भरला होता. तरी दुपारपर्यंत अर्धे लोक नाराज होऊन उठले, कारण आम्ही प्रश्न बरोबर निवडला आणि माणसे चुकीची बोलावली. निमंत्रण व्यापारी सभासदांनाही गेले होते. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) मिळते, पण तिचा लाभ बँकांच्या प्राधान्यक्रमाच्या कर्जापुरता आहे. उशिरा मिळालेल्या पैशांबाबतचे संरक्षण त्यांना नाही. मध्यम उद्योगांनाही पुरवठादार म्हणून ते मिळत नाही. पहिल्या रांगेतल्या एका ठोक व्यापाऱ्याने तीन वर्षांची थकलेली बिले फाइलला लावून आणली होती. त्यांना हे हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, वक्त्याच्या तोंडून कळले. त्यांनी फाइल मिटून पिशवीत ठेवली, तो क्षण मी विसरलेलो नाही. निमंत्रणात दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या तर त्यांचा दिवस वाचला असता.

तेव्हापासून आम्ही निमंत्रणात दोन वाक्ये लिहितोच: "ही परिषद कोणासाठी आहे" आणि "कोणाला तिचा उपयोग होणार नाही". दुसरे वाक्य लिहायला मन धजत नाही, कारण गर्दी घटेल असे वाटते. लिहाच.

तपासणी: विषय प्रश्नाच्या रूपात एका वाक्यात सांगता येतो का? परिषदेहून परतलेला माणूस दुसऱ्या दिवशी कोणते एक काम वेगळे करेल? या दोन्हींची उत्तरे कागदावर येईपर्यंत पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

टप्पा २: तारीख (८५ दिवस आधी)

तारीख ठरवताना कॅलेंडर आणि पंचांग दोन्ही समोर ठेवा. हे बघायचे:

• लग्नाचे मुहूर्त. त्या दिवशी हॉल, केटरर आणि डेकोरेटर तिघेही महाग आणि तिघांचेही लक्ष दुसरीकडे.
• जीएसटी विवरणपत्रांच्या ११ आणि २० तारखा, मार्चअखेर, ३१ जुलै, सप्टेंबरअखेर. या दिवसांत उद्योजक आला तरी मन त्याच्या अकाउंटंटपाशी असते, आणि सीए वक्ता तर येतच नाही.
• औद्योगिक सुट्टीचा वार. पुणे-पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात तो गुरुवार आहे. प्रत्येक गावचा वेगळा. छोट्या कारखान्याचा मालक सुट्टीच्या दिवशी मोकळा असतो, कामाच्या दिवशी मशीनपाशी. रविवार सोयीचा वाटतो, पण बँक अधिकारी आणि कंपन्यांचे खरेदी अधिकारी रविवारी येत नाहीत.
• एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार. तारीख यासाठी बदलायची गरज नाही, फक्त केटररला आधी सांगावे लागते.
• निवडणूक. आचारसंहिता लागली तर मंत्री आणि सरकारी सभागृह, दोन्ही हातचे जाऊ शकतात.

सावधान: तारीख प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने ठरवू नका. पाहुण्यांचा कार्यक्रम आदल्या रात्री बदलतो, तुमची तीनशे निमंत्रणे बदलत नाहीत.

टप्पा ३: पैशाचे गणित (८० दिवस आधी)

प्रायोजकाकडे जाण्याआधी हे गणित झालेच पाहिजे. दोन रकाने करा. एका रकान्यात एकही माणूस आला नाही तरी होणारा खर्च: हॉल, साउंड, स्क्रीन, स्टेज, छपाई, वक्त्यांचा प्रवास. दुसऱ्यात डोईमागे वाढणारा खर्च: जेवण, दोन चहा, नाश्ता, फोल्डर, बॅज.

उदाहरणादाखल, स्थिर खर्च १,८०,००० रुपये आणि डोईमागे ५५० रुपये धरू. प्रवेश शुल्क १,००० रुपये. संस्था जीएसटीत नोंदलेली असेल तर या हजारात १८ टक्के कर आला. हातात राहतात ८४७ रुपये. त्यातून ५५० गेले की उरतात २९७. तीनशे माणसांचे झाले ८९,१००. म्हणजे हॉल खचाखच भरला तरी ९०,९०० रुपयांची तूट आहे, आणि तेवढेच प्रायोजकांकडून आणायचे आहेत. हा आकडा माहीत असला की प्रायोजकापुढे बसताना आवाज वेगळा असतो. "काहीतरी द्या" म्हणत नाही माणूस.

इथे होणाऱ्या चुका:

• "शुल्क हजार रुपये" असे छापतात आणि कर त्यातच धरला आहे की वर वेगळा लागणार, हे लिहीत नाहीत. मग नोंदणीच्या टेबलावर वाद. पत्रकावर "सर्व करांसह" किंवा "अधिक जीएसटी" स्पष्ट लिहा.
• प्रायोजकत्वावरचा कर कोणी भरायचा, हे न विचारताच बिल काढतात. १६ जानेवारी २०२५ पासून आयोजक स्वतः कंपनी असेल तर तो कर आयोजकाने बिलात लावायचा आहे. आयोजक ट्रस्ट किंवा संघटना असेल आणि प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी संस्था असेल, तर रिव्हर्स चार्जने, म्हणजे बिल देणाऱ्याऐवजी सेवा घेणाऱ्याने कर भरायच्या पद्धतीने, प्रायोजकाने भरायचा. आपण कोणत्या बाजूला बसतो, हे सीएकडून लेखी घ्या.
• केटरर, डेकोरेटर, वक्ते यांचा पॅन बिल आल्यावर मागतात. टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) लागत असेल आणि पॅन नसेल तर कपात २० टक्क्यांवर जाते. अॅडव्हान्स देतानाच पॅन घ्या.
• फुकट प्रवेश ठेवतात. फुकट नोंदणी केलेल्यांपैकी किती येतील हे कोणीच सांगू शकत नाही, आणि केटररला आकडा तर द्यावाच लागतो. शुल्क कमी ठेवा, पण ठेवा.

प्रायोजकाला काय देणार, तेही आत्ताच लिहून ठेवा: स्टॉल, बॅकड्रॉपवर नाव, फोल्डरमध्ये पत्रक. भाषण देऊ नका. पंधरा मिनिटांची प्रायोजकाची जाहिरात ऐकायला कोणी शुल्क भरून येत नाही. प्रायोजकाकडे सांगण्यासारखे खरे ज्ञान असेल, तर त्याला इतर वक्त्यांसारखे वक्ता म्हणून बोलवा आणि त्यांच्याच अटी लावा.

टप्पा ४: हॉल (७५ दिवस आधी)

हॉल फोटोवरून ठरवू नका. जाऊन बघा, आणि शक्यतो तिथे दुसरा कार्यक्रम चालू असताना बघा. शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसा. स्क्रीनचा खालचा भाग दिसतो का? खांब आड येतो का? मंगल कार्यालयांत हा घोळ हमखास असतो, कारण ती जागा मांडव आणि पंगतीच्या हिशेबाने बांधलेली. तिथे बोललेला शब्द घुमतो आणि दुपारचे ऊन थेट स्क्रीनवर येते.

हॉलवाल्याशी लेखी ठरवायचे मुद्दे: ताबा किती वाजता (आदल्या दिवशी संध्याकाळी मिळालाच पाहिजे), आदल्या रात्री तिथे लग्न किंवा स्वागतसमारंभ आहे का, जनरेटरचे डिझेल कोणाचे, जनरेटरवर एसी चालतो का की फक्त दिवे, बाहेरचा केटरर चालतो का, साफसफाई कोणाकडे, स्वच्छतागृहे किती, डिपॉझिट किती दिवसांत परत. पार्श्वसंगीत लावणार असाल तर पीपीएल आणि आयपीआरएस या संगीत-हक्क संस्थांचे परवाने हॉलचे आहेत की तुम्हाला काढायचे, हेही विचारा. रस्त्यावर फलक लावायचे असतील तर महापालिकेची परवानगी लागते. विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा १९९५ पासून आहे आणि दंड फलकावर नाव असलेल्याच्या माथी येतो.

तपासणी: तीनशे माणसे, बाजूला आठ-दहा स्टॉल आणि जेवणाची जागा, हे सगळे मावते का? जेवण त्याच हॉलच्या मागच्या भागात असेल तर नको. भांड्यांचा आवाज आणि फोडणीचा वास साडेबारालाच पुढे येतो, आणि बाराच्या वक्त्याला कोणी ऐकत नाही.

टप्पा ५: वक्ते (७० ते २० दिवस आधी)

वक्त्याला फोन करून "या, दोन शब्द बोला" म्हणालात, तर तो दोन शब्दच बोलेल आणि ते तुमच्या विषयावरचे नसतील. प्रत्येक वक्त्याला एक पानाचे पत्र पाठवा. त्यात समोर कोण बसणार, त्यांची उलाढाल साधारण किती, त्यांना काय आधीच माहीत आहे, आणि तुम्ही वहीत लिहिलेले तीन प्रश्न त्यांच्याच शब्दांत. "माझे पैसे अडकले तर तक्रार कुठे करू, किती दिवस लागतात, आणि तक्रार केल्यावर पुढची ऑर्डर गेली तर काय करू?" हा तिसरा प्रश्न वक्त्याला स्वतःहून कधीच सुचत नाही, आणि हॉलमधल्या प्रत्येकाच्या मनात तोच असतो.

पत्रानंतर, परिषदेच्या वीस दिवस आधी, अर्ध्या तासाचा फोन. त्यात विचारा: स्वतः हाताळलेले एखादे प्रकरण सांगाल का? पक्षकाराचे नाव नको, पण आकडे आणि तारखा हव्यात. ज्याच्याकडे असे प्रकरण नाही, त्याला वीस मिनिटे द्या, चाळीस नकोत.

परिसंवादात तीन माणसे आणि एक सूत्रधार. मान राखायचा म्हणून सहा जणांना बसवले, तर पंचेचाळीस मिनिटांत प्रत्येकाला सात मिनिटे, आणि परिचयात त्यातली दोन जातात. सूत्रधाराने तिघांशी आधी वेगवेगळे बोललेच पाहिजे. कोणाचे कोणाशी पटत नाही हे त्याला माहीत हवे. परिसंवादाचा जीव त्या मतभेदात असतो.

सावधान, स्लाइडबद्दल: मराठी स्लाइड श्रीलिपी किंवा तशा जुन्या फॉण्टमध्ये केलेली असेल, तर हॉलच्या लॅपटॉपवर अक्षरांच्या जागी चिन्हे उमटतात. स्लाइड युनिकोडमध्ये मागा, सोबत पीडीएफ प्रतही मागा, आणि दोन्ही चार दिवस आधी उघडून बघा. "पेनड्राइव्हवर घेऊन येतो" हे उत्तर स्वीकारू नका.

टप्पा ६: मिनिटवार पत्रक (२१ दिवस आधी)

हा सगळ्यात महत्त्वाचा कागद, आणि बहुतेक परिषदांमध्ये तो नसतोच. पत्रिका वेगळी, मिनिटवार पत्रक वेगळे. पत्रिकेत "९.३० उद्घाटन" असते. पत्रकात असे असते: ९.२८ सूत्रसंचालक पोडियमपाशी, ९.३० दिवे मंद, ९.३१ स्वागत, ९.३३ दीपप्रज्वलन, समईपाशी अमुक उभा, काडेपेटी त्याच्याच खिशात. प्रत्येक ओळीपुढे एका माणसाचे नाव. समितीचे नाव नाही, माणसाचे.

उद्घाटनाचा हिशेब करून बघा. मंचावर नऊ जण असले आणि प्रत्येकाला शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो असे दीड मिनिट धरले, तर साडेतेरा मिनिटे. नऊ जणांचा परिचय एकेक मिनिट, म्हणजे आणखी नऊ. दीपप्रज्वलन पाच, प्रास्ताविक दहा, अध्यक्षीय दहा. पंख्याच्या वाऱ्याने वात विझली की आणखी दोन. कोणाचेही भाषण न लांबता पन्नास मिनिटे गेली.

सत्कार बंद करा असे मी म्हणत नाही. ज्याने आपल्या गावासाठी काम केले त्याला शाल द्यायलाच हवी. पण मंचावर पाचच खुर्च्या ठेवा. बाकीचे मान्यवर पहिल्या रांगेत, आणि त्यांच्या जागेवर जाऊन पुस्तक द्या. परिचय छापून फोल्डरमध्ये घाला. देणगीदार आणि स्वयंसेवकांचे सत्कार दुपारच्या चहाआधी घ्या, तेव्हा त्यांना टाळ्याही मनापासून मिळतात. असे केले की उद्घाटन पंचवीस मिनिटांत बसते.

प्रमुख पाहुण्यांसाठी वाट बघू नका. त्यांना आणि त्यांच्या स्वीय सहायकांना आधीच नम्रपणे लिहून कळवा: "कार्यक्रम साडेनऊला सुरू होईल. साहेब ज्या वेळी पोहोचतील त्या वेळी चालू भाषण संपताच त्यांचे मनोगत घेऊ." हे लिहायला अध्यक्ष घाबरतात. पण असे पत्र गेल्यावर राग आलेला मी एकदाही पाहिला नाही. सहायकांना उलट सोपे जाते.

तपासणी: पत्रकात दर दीड तासाला दहा मिनिटांची मोकळी जागा आहे का? नसेल तर एखादे भाषण काढा.

टप्पा ७: खरेदीदारांच्या भेटी (ठेवणार असाल तर)

उद्योजकाला परिषदेतून हातात पडणारी वस्तू म्हणजे ऑर्डरकडे नेणारी ओळख. "चहाच्या वेळी भेटा" एवढ्यावर ती होत नाही. आठ टेबले मांडा, प्रत्येकावर एका मोठ्या कंपनीचा खरेदी अधिकारी, दहा-दहा मिनिटांच्या सहा फेऱ्या. एका तासात ४८ भेटी. कोण कोणाला, कितव्या फेरीत भेटणार, हे आठवडाभर आधी ठरवून दोघांना कळवा. फेरी संपली की घंटा. उठायला एखादे मिनिट जाते, म्हणून पत्रकात या तासाला सत्तर मिनिटे लिहा.

खरेदी अधिकाऱ्याला आधी विचारा: तुम्हाला नवा पुरवठादार नोंदवायचा अधिकार आहे का, आणि सध्या कोणते पार्ट बाहेर करून घ्यायचे आहेत? मोघम उत्तर आले तर त्या कंपनीला टेबल देऊ नका. एका परिषदेत आमच्या एका टर्निंगवाल्या सभासदाने पितळी बुश वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. समोरच्या अधिकाऱ्याने तो हातात घेतला, खिशातून व्हर्नियर काढून आतला व्यास मोजला आणि ड्रॉइंग मागवून घेतले. दहा मिनिटांतली नऊ त्या बुशवरच गेली. म्हणून टेबल मोठे ठेवा, वर प्रकाश चांगला हवा, आणि भेटीला येणाऱ्याला सांगा: ब्रोशर नको, नमुना आणा.

टप्पा ८: नोंदणीचे टेबल

३०० पैकी साधारण २१० माणसे शेवटच्या अर्ध्या तासात येतात असे धरा. एका माणसाला नाव शोधणे, बॅज, फोल्डर यासाठी चाळीस सेकंद. म्हणजे एका टेबलावर अर्ध्या तासात ४५ माणसे. २१० साठी पाच टेबले लागतात. बहुतेक ठिकाणी दोन असतात. रांगेचे कारण तेवढेच.

यादी आडनावाच्या आद्याक्षराने लावा, पण अक्षरे समान वाटू नका. आमच्याकडे पाटील, पवार, पोवार यांचीच रांग दारापर्यंत जाते. "प" ला स्वतंत्र टेबल लागते. आयत्या वेळी पैसे भरणाऱ्यांचे टेबल बाजूला, वेगळे. यूपीआयचा क्यूआर तिथेच, आणि पावती लगेच. जीएसटी क्रमांकासह बिल हवे असेल त्यांचा तपशील नोंदणी अर्जातच घ्या, रांगेत नाही.

बॅजवर नाव मोठे, खाली व्यवसाय: "सीएनसी जॉबवर्क", "फळप्रक्रिया", "पावडर कोटिंग". "संचालक" वाचून कोणी बोलायला येत नाही. "पावडर कोटिंग" वाचून येतो.

टप्पा ९: जेवण

बुफेच्या एका रांगेतून मिनिटाला साधारण पाच माणसे पुढे सरकतात. दोन्ही बाजूंनी वाढता येईल असे टेबल असेल तर दहा. तीनशे माणसांना अशी दोन टेबले दिली तर पंधरा मिनिटांत शेवटच्या माणसाच्या हातात ताट येते. एकच टेबल भिंतीला लावले तर एक तास. केटररला नुसता मेनू विचारू नका, मांडणीचा कागदावर आराखडा मागा. पाणी आणि गोड पदार्थ रांगेपासून दूर. जैन आणि उपवासाचे पदार्थ वेगळ्या छोट्या टेबलावर, मोठ्या अक्षरांत पाटी लावून.

ताटांची हमी देताना नोंदणीचा पूर्ण आकडा देऊ नका. २६० ची हमी आणि ३०० पर्यंत वाढवायची तयारी, असा करार करा, आणि ताटे मोजायला आपला एक माणूस उभा करा. स्वयंसेवक, ड्रायव्हर आणि साउंडवाले यांचे जेवण या आकड्यात धरलेले असावे. ते राहूनच जातात, आणि सगळ्यात जास्त वेळ उभे तेच असतात.

टप्पा १०: आदला दिवस

संध्याकाळी सहाला हॉलवर, पत्रक हातात घेऊन पूर्ण तालीम. सूत्रसंचालकाने प्रत्येक नाव मोठ्याने वाचायचे. नाव चुकीचे उच्चारले गेले की पाहुणा ते वर्षभर विसरत नाही. त्यानंतर या चार गोष्टी करून बघा, नुसत्या विचारू नका:

१. मेन स्विच बंद करा. जनरेटर किती सेकंदांत येतो? तेवढ्यात प्रोजेक्टर आणि साउंडचा मिक्सर बंद पडत असतील तर दोघांना यूपीएस हवा. प्रोजेक्टर पुन्हा सुरू होऊन चित्र यायला दोन मिनिटे सहज जातात.
२. सगळ्या स्लाइड त्याच लॅपटॉपवरून, त्याच स्क्रीनवर शेवटपर्यंत फिरवा. व्हिडिओ असेल तर त्याचा आवाज हॉलच्या स्पीकरमधून येतो का ऐका. एचडीएमआय केबल दोन, टाइप-सी जोड एक.
३. मायक चार लागतात: पोडियमचा एक, वक्त्याला कॉलरचा एक, प्रेक्षकांसाठी हातातले दोन. सेल नवे, आणि जादा सेल साउंडवाल्याच्या नव्हे, तुमच्या खिशात.
४. मागची दारे कुलूपबंद नाहीत ना, अग्निशामक सिलिंडरची मुदत संपलेली नाही ना, हे स्वतः जाऊन बघा.

टप्पा ११: त्या दिवशी

आयोजकांपैकी एकाने कोणतेही काम घ्यायचे नाही. मंचावर बसायचे नाही, स्वागत करायचे नाही, फोटोत यायचे नाही. त्याच्या हातात घड्याळ आणि पत्रक. वेळ कापायची, भाषण आवरायचे, क्रम बदलायचा, हे निर्णय त्याचे एकट्याचे. अध्यक्षांनी हे आदल्या दिवशी सर्वांसमोर जाहीर करावे, नाहीतर त्याचे कोणी ऐकत नाही.

वक्त्याला समोरून पाट्या दाखवा: दहा, पाच, एक. चिठ्ठी पाठवू नका; ती वाचताना त्याची तंद्री मोडते आणि सगळ्या हॉलला कळते.

प्रश्नोत्तरांत मायक स्वयंसेवकाने हातातून सोडायचा नाही, विचारणाऱ्यासमोर धरायचा. मायक हातात गेला की प्रश्नाचे भाषण होते. सकाळीच फोल्डरमध्ये कोऱ्या चिठ्ठ्या द्या; उभे राहून विचारायला संकोचणारे लोक, त्यांत पहिल्यांदा आलेल्या महिला उद्योजक बऱ्याच असतात, चिठ्ठीवर फार नेमके विचारतात. पहिला प्रश्न आधीच एकाला तयार ठेवायला सांगा, म्हणजे सुरुवातीची शांतता मोडते.

उशीर झालाच तर काय कापायचे, हे पत्रकावर आधीच लिहिलेले असावे. आमचा क्रम असा: आधी आभारप्रदर्शन छोटे, मग अध्यक्षीय समारोप, मग परिसंवादाची दहा मिनिटे. प्रश्नोत्तरांना आणि जेवणाच्या वेळेला हात लावायचा नाही.

टप्पा १२: नंतरचे तीस दिवस

निघताना अभिप्रायाचा लांबलचक अर्ज देऊ नका. एका कार्डावर दोनच प्रश्न: आज कळलेली कोणती गोष्ट वापरणार? कोणते भाषण नसते तरी चालले असते? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे अध्यक्षांना आणि कार्यकारिणीला जशीच्या तशी वाचून दाखवा.

तिसऱ्या दिवसापर्यंत स्लाइडच्या पीडीएफ आणि चिठ्ठ्यांतल्या राहिलेल्या प्रश्नांची उत्तरे व्हॉट्सअॅपवर. वक्त्यांकडून ही उत्तरे दोन दिवसांत मिळवायची असतात. आठवडा उलटला की मिळत नाहीत. सातव्या दिवसापर्यंत सगळी बिले, टीडीएसची कपात, हॉलचे डिपॉझिट. छोटे पुरवठादार, फुलवाला, छपाईवाला, यांचे पैसे आधी द्या. येण्यांवर परिषद घेणाऱ्या संघटनेने दुसऱ्याचे पैसे थकवणे मला सहन होत नाही.

तिसाव्या दिवशी खरेदीदारांच्या भेटीला बसलेल्या प्रत्येक उद्योजकाला फोन: ड्रॉइंग आले का, कोटेशन दिले का, उत्तर आले का? जिथे अडले असेल तिथे त्या खरेदी अधिकाऱ्याला संघटनेतर्फे एक फोन करा. ४८ भेटींसाठी दोघांना दोन संध्याकाळी लागतात. मग मिनिटवार पत्रक, प्रत्यक्षात लागलेल्या वेळा लाल पेनने लिहून, कोटेशन, ताटांचा खरा आकडा आणि अभिप्रायाची कार्डे एका फाइलला लावा आणि पुढच्या वर्षीच्या कार्यवाहांच्या हातात, समोर बसून, एकेक कागद समजावून द्या.